घर ते घर, किती तास?

लोकांना वाटतं किस्से गोळा करावे लागतात. आमच्याकडे ते जिना चढून येतात, खुर्ची ओढून बसतात आणि आधी पाणी मागतात! नागपूरच्या धंतोलीत एका मेडिकल स्टोअरच्या वरच्या माळ्यावर आमचं ट्रॅव्हल ऑफिस आहे आणि तिथे मी तेवीस वर्षं तिकिटं काढते आहे. समोर हॉस्पिटल, मागे हॉस्पिटल, गल्लीच्या टोकाला डोळ्यांचं. त्यामुळे हौसेने फिरायला निघालेली माणसं आमच्याकडे कमीच. ज्यांचं एक माणूस परदेशात आहे आणि दुसरं समोरच्या बिल्डिंगमध्ये सलाइन लावून पडलं आहे, अशीच जास्त.

ती सगळी एकच विचारतात. "किती तास लागतात?"

तेवीस वर्षांत या प्रश्नाने माझं डोकं उठलं आहे. तुम्हाला पुढचं ऐकून हसू आलं तर हसा, माझी हरकत नाही. आम्हीही पुष्कळदा हसलो आहोत, आणि नंतर आपापल्या टेबलाकडे तोंड करून गप्प बसलो आहोत.

* * *

आमचे मालक भोयर साहेब. सत्तरी उलटली तरी रोज इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. 'फ्लाइट टाइम' हा शब्द ऐकला की त्यांचं टाळकं सरकतं. त्यांचं म्हणणं असं की माणूस विमानतळावरून विमानतळावर जात नाही, घरून घरी जातो. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला तिकिटासोबत ते स्वतःच्या हाताने एक गुलाबी चिठ्ठी लिहून देतात. वर लिहायचं 'घर ते घर'. खाली ओळीने टप्पे. तुमच्या दारापासून सोनेगावचं विमानतळ इतकी मिनिटं, तिथली रांग इतकी, मुंबई इतके तास, मग बसून राहणं, मग पुढचं विमान, मग तिकडची रांग, आणि शेवटी तिकडचं दार. चिठ्ठी घेतल्याशिवाय तिकीट हातात पडत नाही.

एकदा महाल भागातले एक गृहस्थ आले. मुलगी शिकागोला. मोबाइल काढून साहेबांच्या नाकासमोर धरला. "साहेब, तुम्ही एकतीस तास लिहून राहिले. हे पाहा, नागपूर ते शिकागो, सोळा तास!"

साहेबांनी चष्मा लावला, नीट वाचलं. "नागपुरातून शिकागोले विमान जाते का?"

"नाही."

"मग हे सोळा तास कोणाचे आहेत?"

"आता मोबाइल सांगते म्हणजे..."

"मग मोबाइललेच म्हणा, चल बाप्पा, घेऊन जा मले!"

गृहस्थ एकतीस तासांनी पोचले. महालातल्या गल्लीतून ऑटो बाहेर पडायला साहेबांनी वीस मिनिटं धरली होती, तिथे पंचवीस लागली. परत आल्यावर त्यांनी मुद्दाम येऊन ती पाच मिनिटांची चूक सांगितली. साहेबांनी डायरीत दुरुस्ती करून घेतली.

* * *

त्या डायरीत गोंदिया आहे, वर्धा आहे, काटोल, उमरेड, यवतमाळ, सगळं आहे. कुठल्या गावाहून विमानतळाला किती वेळ, उन्हाळ्यात किती, पोळ्याच्या दिवशी किती. फक्त कळमेश्वर नाही.

कळमेश्वर म्हणजे काही लांब नाही. सकाळ-संध्याकाळ तिथल्या एमआयडीसीत कामाला जाणारी निम्मी माणसं नागपूरची. पण कळमेश्वरचं गिऱ्हाईक आलं की साहेब कोरी चिठ्ठी माझ्याकडे सरकवतात. "सुनीताबाई, हे तुम्ही लिहा." असा नियम कोणी केला नाही, पण सात वर्षं तो चालला.

कारण ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. साहेबांचा एकुलता एक मुलगा निखिल कळमेश्वरला राहतो. तिथल्या एका कारखान्यात मशिनरी सांभाळतो. त्याने बरोबर शिकलेल्या प्रज्ञा मेश्रामशी लग्न केलं. प्रज्ञाचे आजोबा छप्पन साली दीक्षा घेणाऱ्यांत होते, वडील हेडमास्तर होऊन रिटायर झाले, मुलगी गणितात एम.एस्सी. यात न आवडण्यासारखं काय होतं हे साहेबांनी कधी तोंडाने सांगितलं नाही. ज्यांना समजायचं त्यांना समजलं. ते एवढंच म्हणाले, "ती माझ्या दारातून आत येणार नाही. तुले तिच्यासोबत राहायचं असंन, तर तूही येऊ नको."

निखिल "बरं" म्हणाला आणि गेला. हे भांडण ऑफिसातच झालं, माझ्या टेबलापासून सहा फुटांवर. मी स्क्रीनकडे बघत राहिले. पगार घेणारी माणसं अशा वेळी स्क्रीनकडेच बघतात. याची मला आजही लाज वाटते.

* * *

आता हॉस्पिटलचा किस्सा. एके दिवशी समोरच्या एका डॉक्टरांचा फोन. "भोयर साहेब, शिकागो किती?"

"एकतीस. दिल्लीवरून असंन तर धुक्याचे चार तास आणखी धरा."

"बरं. तेवढं ओढू आम्ही."

मला आधी कळलंच नाही काय ओढायचं ते! एक म्हातारे आजोबा होते व्हेंटिलेटरवर. मुलगा शिकागोहून निघालेला. नातेवाईक म्हणाले, त्याला तोंड दिसू द्या, मग काढा नळ्या.

मुलगा एकतीस तासांनी पोचला. आधी आमच्या ऑफिसात आला, बॅग घेऊनच. "माझं रिटर्न सोमवारचं आहे. शनिवारचं होईल का? नाही, म्हणजे, सगळं लवकर आटोपलं तर."

साहेबांनी हॉस्पिटलकडे बोट दाखवलं. "आधी समोर जाऊन ये गा."

तो गेला. आणि त्याच संध्याकाळी म्हाताऱ्याने डोळे उघडले! दोन दिवसांत नळ्या निघाल्या, तिसऱ्या दिवशी उसाचा रस मागितला. मुलाला पलंगाशी बघून म्हणे, "तू काहून आला? कोणी मेलं का?"

आख्ख्या धंतोलीत हा किस्सा फिरला. मेडिकलवाला तर रोज कोणाला तरी ऐकवायचा. तीन महिन्यांनी आजोबा खरंच गेले. तेव्हा मुलाकडे रजा उरली नव्हती. ते ऐकायला मात्र कोणी थांबलं नाही.

* * *

यवतमाळच्या सुशीलाबाई मुलीच्या बाळंतपणासाठी टोरंटोला निघाल्या. पहिलाच विमानप्रवास. साहेबांनी त्यांची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी लिहिली. व्हीलचेअर कुठे मागायची, कुठल्या रांगेत कोणता कागद दाखवायचा, लोणच्याची बरणी कुठे ठेवायची. शेवटी, घर ते घर तीस तास. बाईंनी ती चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधली.

सहा महिन्यांनी त्या परत आल्या आणि पेढे घेऊन ऑफिसात आल्या. आम्हाला वाटलं नातवाचे फोटो दाखवतील. दाखवले दोन-तीन. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमचं सगळं बरोबर निघालं. पण एक चुकलं."

साहेबांनी लगेच डायरी ओढली. "कोणतं? टोरंटोची रांग?"

"नाही. सकाळी साडेसातले लेक-जावई दोघंही कामावर जात. लेकरू मोठं असतं तर बोललं तरी असतं. बाहेर बर्फ. टीव्ही मले लावता येत नाही. संध्याकाळी सातले चावी वाजे. मी तीस तासांत पोचली भाऊ, पण घर काही आलं नाही."

साहेबांनी पेन उघडलेलं होतं. ते परत खिशाला लावलं. त्यांनी पेढा घेतला आणि "सुनीताबाई, बाईंना चहा सांगा" म्हणाले.

* * *

साहेबांना गिऱ्हाईक हमखास विचारतं, "तुमचा मुलगा काय करतो?" आमच्या ऑफिसात बसलेल्या माणसाचा मुलगा परदेशातच असणार, असं त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. साहेब नाही म्हणत नाहीत. समोरच्या माणसाचा मुलगा ज्या शहरात नाही, असं शहर निवडायचं आणि सांगून टाकायचं.

एका दुपारी सोफ्यावर दोघं जण शेजारी बसले होते. एक रिटायर्ड प्राचार्य, एक रिटायर्ड बँक मॅनेजर. वेळ काढायला बोलत होते.

प्राचार्य म्हणाले, "भोयर साहेबांचा निखिल सिडनीले आहे. मोठ्या पोस्टवर."

मॅनेजर म्हणाले, "सिडनी कुठून? लंडनले आहे तो! मले साहेबांनी स्वतः सांगतलं."

दोघांनी माना वळवल्या. साहेबांनी फाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं, "बदली होत राहते त्याची."

व्हिसाचे कागद बघणारा आमचा देवराव चहाचा कप घेऊन जिन्यात पळाला. खाली जाऊन पोट धरून हसला आणि वर आल्यावर माझ्या कानाशी म्हणाला, "मॅडम, निखिलभाऊच्या पासपोर्टवर शिक्के मारायले जागा तरी उरली असंन का?"

निखिलकडे तेव्हा पासपोर्टच नव्हता. तो रोज मोटरसायकलने कारखान्यात जात होता आणि त्याची मुलगी रिया बालवाडीत 'माझे कुटुंब' नावाचं चित्र काढत होती. हे मला माहीत होतं, कारण ते चित्र मी पाहिलं होतं.

* * *

ते दाखवलं मालतीकाकूंनी, साहेबांच्या बायकोने. दर मंगळवारी काकू भजनी मंडळाला जायच्या. म्हणजे तसं सांगून निघायच्या. देवराव त्यांना स्कूटरवर बसस्टँडला सोडायचा आणि काकू एसटीने कळमेश्वर गाठायच्या. परत येताना ऑफिसात पाच मिनिटं टेकायच्या, साहेब नसले की पर्समधून काहीतरी काढून मला दाखवायच्या. कधी चित्र, कधी रियाने बनवून दिलेली राखी.

"हे पाहा वं सुनीता, यात मी आहे. आणि या कोपऱ्यात हे."

कोपऱ्यात एक गोल होता. त्याला चष्मा होता, दोन पेनं होती, पाय नव्हते. काकू म्हणाल्या, "विचारे, आजोबा कसे दिसतात. मी सांगतलं तसं काढलं पोरीनं."

एकदा काकू पर्स टेबलावर विसरून मोरीत गेल्या. पर्स उघडी. साहेब नेमके आत आले. वर एसटीचं तिकीट होतं. ज्या माणसाची आख्खी हयात तिकिटं बघण्यात गेली, त्याच्यापासून तिकीट काय लपणार! त्यांनी ते उचललं, वाचलं, होतं तसं ठेवलं.

काकू बाहेर आल्या. साहेब म्हणाले, "मंगळवारी सकाळची गाडी धरत जा. दुपारी ऊन लागते."

एवढंच. मला वाटलं, आता पुढच्या मंगळवारी दोघं सोबत जातील. काकूंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या दिवशी त्या नवं लुगडं नेसून आल्या. साहेबांनी त्यांना जिन्यापर्यंत सोडलं आणि परत येऊन दोहाची चिठ्ठी लिहायला घेतली. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला, की त्यांचा चहा मी मुद्दाम गार होऊ दिला.

* * *

पुढच्या पावसाळ्यात काकू आजारी पडल्या. समोरच्याच हॉस्पिटलमध्ये, तिसऱ्या माळ्यावर. आमच्या खिडकीतून त्यांची खिडकी दिसायची. निखिल रोज यायचा, पण साहेब जेवायला घरी गेले की मगच. नर्सला वाटे दोन वेगवेगळ्या घरची माणसं आहेत. एका शुक्रवारी सकाळी काकू गेल्या.

घाटावर बरीच माणसं होती, त्यात आमची जुनी गिऱ्हाइकंही. साहेबांनी स्वतः अग्नी दिला. ते दोन पावलं मागे सरकले, तेव्हा प्राचार्य त्यांच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "निखिल नाही पोचू शकला?"

साहेबांनी उत्तर दिलं, "फ्लाइट नाही मिळाली."

निखिल त्यांच्या मागे कडुलिंबाखाली उभा होता. हातात हेल्मेट. चार पावलांवर! मी ऐकलं, म्हणजे त्यानेही ऐकलं. त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं आणि पेटलेल्या चितेकडे बघत राहिला.

लंडन सांगणारे बँक मॅनेजर हळहळले. म्हणाले, "तिकडून येणं सोपं नाही हो. अंतर केवढं आहे!"

* * *

हा शेवटचा किस्सा गेल्या महिन्यातला आहे.

दुपारची वेळ. ऑफिसात साहेब, मी आणि देवराव. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात प्रज्ञा उभी. सोबत सहा वर्षांची रिया, दोन वेण्या, शाळेचा ड्रेस. प्रज्ञा उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. साहेबांनी वर पाहिलं. देवरावने हातातला कागद खाली ठेवला.

मग साहेब म्हणाले, "या. बसा."

प्रज्ञा आत आली. तिने टेबलावर तीन पासपोर्ट ठेवले, कोरे करकरीत. "सर, तीन तिकिटं पाहिजेत. ऑकलंड. वन वे."

निखिलला तिकडे नोकरी लागली होती. मोबाइलवर दहा मिनिटांत तिकिटं निघाली असती, हे तिलाही माहीत होतं, साहेबांनाही. तरी मी न राहवून विचारलं, "इकडे कशी आलीस गं?"

उत्तर रियाने दिलं. "आजीनं सांगतलं होतं. कुठं दूर जायचं असंन, तर गुलाबी चिठ्ठी घेतल्याशिवाय जायचं नाही."

साहेबांनी पासपोर्ट उघडले. एकेक फोटो बघितला. रियाच्या फोटोवर जास्त थांबले. मग नेहमीच्या आवाजात सुरू झाले. "ऑकलंडले खायच्या वस्तू फॉर्मवर लिहाव्या लागतात. बूट धुवून घालजा. बुटाले माती असली तर ते लोक चालू देत नाहीत. इथली माती तिथं चालत नाही." मध्येच ते थांबले आणि चष्मा पुसायला लागले.

तारीख ठरली. तिकिटं मी काढली. आता चिठ्ठी. कळमेश्वरचं गिऱ्हाईक, म्हणून सवयीने मी कोरा गुलाबी कागद ओढून घेतला आणि वर 'घर ते घर' लिहिलं. साहेबांनी हात पुढे केला. "द्या इकडे."

मी दिला. त्यांनी पेनचं टोपण काढलं. डायरी उघडली आणि पुन्हा मिटली.

"घर नेमकं कुठं आहे?" त्यांनी विचारलं. कोणाकडे बघून नाही.

प्रज्ञाने तोंड उघडलं, पण रिया तिच्या आधी टेबलाला रेलली. "पाण्याच्या टाकीजवळ. निळं गेट आहे. गेटाजवळ पेरूचं झाड आहे, ते आजीनं लावलं." मग तिने त्यांच्या खिशातली पेनं पाहिली, चष्मा पाहिला, आणि वाकून टेबलाखाली त्यांचे पायही पाहून घेतले. "तुम्ही कधीच आले नाही ना आमच्याकडे?"

"नाही."

"काहून? फक्त चाळीस मिनिटं लागतात!"

देवराव खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. साहेबांनी मान खाली घातली आणि सावकाश, वळणदार अक्षरात पहिली ओळ लिहिली. 'पाण्याची टाकी, निळं गेट, पेरूचं झाड. चाळीस मिनिटं.'

मग त्यांनी पेन बंद केलं, खिशाला लावलं आणि चिठ्ठी माझ्याकडे सरकवली.

"सुनीताबाई, पुढचं तुम्ही लिहा."